ऑक्सिजन सेन्सर खरोखरच बिघडला आहे का? कोकणातील वाहनधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळ परिसरात गाड्यांच्या वायरिंगची आणि स्कॅनिंगची कामे करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, विशेषतः पावसाळा सरल्यावर आणि गणपतीसाठी मुंबईहून गाड्या येऊ लागल्यावर, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः पेट्रोल आणि सीएनजीवर चालणाऱ्या चारचाकी गाड्यांसाठी आहेत. एखादा मुद्दा अन्यत्र आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे काय आणि तो गाडीत कुठे असतो?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन शिल्लक राहिला आहे हे सांगणारा हा सेन्सर असून गॅरेजमध्ये त्याला ‘ओ टू सेन्सर’ किंवा ‘लॅम्डा सेन्सर’ म्हणतात. बॉश कंपनीने १९७६ मध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. त्याच्या टोकाशी झिर्कोनिया या सिरॅमिक पदार्थाचा भाग असतो. त्याच्या एका बाजूला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची ताजी हवा असते, आणि दोन्हींकडील ऑक्सिजनच्या फरकामुळे तेथे एक लहानसा व्होल्टेज तयार होतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले, म्हणजे मिश्रण ‘रिच’ झाले, तर सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि हवा जास्त झाली, म्हणजे ‘लीन’ झाले, तर ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो. हे पाहून ईसीएम (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) पेट्रोलचे प्रमाण सतत कमी-जास्त करीत राहतो.

बहुतेक गाड्यांत असे दोन सेन्सर असतात. पहिला मॅनिफोल्डजवळ (सिलिंडरांतून येणारा धूर एकत्र करणाऱ्या नळीजवळ), कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या) आधी असतो आणि पेट्रोलचे प्रमाण मुख्यतः तोच ठरवतो. दुसरा कन्व्हर्टरच्या नंतर असून कन्व्हर्टर नीट काम करतो आहे की नाही यावर त्याची नजर असते.

२. सेन्सर बिघडल्याची लक्षणे कोणती?

चेक इंजिनचा दिवा लागणे, ॲव्हरेज पडणे, सायलेन्सरला पेट्रोलचा उग्र वास येणे, आयडलिंगला इंजिन वरखाली होणे आणि पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वाढणे ही नेहमीची लक्षणे आहेत. मात्र यांतील एकही लक्षण केवळ ऑक्सिजन सेन्सरचे नाही. जुना प्लग, गळका इंजेक्टर किंवा तुंबलेला एअर फिल्टर असला तरी हीच लक्षणे दिसू शकतात. त्यामुळे लक्षणांवरून निदान करू नये. त्यांवरून तपासणी कोठून सुरू करायची एवढेच ठरवावे.

३. दिवा लागलेला आहे आणि उद्या मुंबईला निघायचे आहे. गाडी चालवावी का?

दिवा स्थिर पेटलेला असेल, इंजिन सुरळीत चालत असेल आणि तापमानाचा काटा जागेवर असेल, तर प्रवास सहसा करता येतो. सेन्सरचे सिग्नल विश्वासार्ह नाहीत असे वाटल्यास ईसीएम ठरीव आकड्यांवर इंजिन चालवतो. त्यात पेट्रोल थोडे जास्त जाते, पण गाडी रस्त्यात बंद पडत नाही. दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी आहे. इंजिन मिसिंग करीत असल्याची, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नसल्याची, आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळण्याचा धोका असल्याची ती खूण आहे. अशा स्थितीत कशेडी किंवा आंबोलीसारखा घाट चढायला जाऊ नये. नंतर भरावी लागणारी कन्व्हर्टरची किंमत सेन्सरपेक्षा कितीतरी अधिक असते.

४. स्कॅनरवर पी०१३५ किंवा पी०१७१ असे कोड येतात. त्यांचा अर्थ काय?

पी०१३० हा पहिल्या सेन्सरच्या सर्किटमधील बिघाड दर्शवतो. पी०१३१ म्हणजे त्याचा व्होल्टेज सतत कमी, पी०१३२ म्हणजे सतत जास्त, पी०१३३ म्हणजे प्रतिसाद मंद, पी०१३४ म्हणजे काहीच हालचाल नाही आणि पी०१३५ म्हणजे आतील हीटरच्या सर्किटमध्ये दोष. पी०१३६ ते पी०१४१ हे असेच कोड दुसऱ्या सेन्सरचे आहेत. पी०१७१ म्हणजे मिश्रण फार लीन आणि पी०१७२ म्हणजे फार रिच. या शेवटच्या दोन कोडांमध्ये सेन्सरबद्दल कोणतीही तक्रार नसते, उलट सेन्सर सांगतो आहे ते खरे मानूनच ईसीएमने ते नोंदवलेले असतात. कोडसोबत येणाऱ्या ‘बँक १’ या शब्दाने गोंधळून जाऊ नये, बँक म्हणजे सिलिंडरांची एक ओळ. तीन किंवा चार सिलिंडर एका ओळीत असलेल्या गाड्यांत सहसा एकच बँक असते.

५. गॅरेजमध्ये कोड पाहताच सेन्सर बदलायला सांगितले. बदलावा का?

लगेच बदलू नये. कोडमध्ये सेन्सरचे नाव असते, पण कोड संपूर्ण सर्किटबद्दल बोलत असतो. त्या सर्किटमध्ये फ्यूज, वायरी, कपलर (वायरींची टोके जोडणारा पिनांचा जोड), अर्थिंग, ईसीएम आणि सर्वांत शेवटी सेन्सर येतो. माझ्या पाहण्यात किनारपट्टीवरील गाड्यांमध्ये पी०१३५ आणि पी०१३४ या कोडांचे मूळ वायरिंगमध्ये किंवा कपलरमध्ये निघण्याचे प्रसंग इतके आले आहेत की, सेन्सरला पाना लावण्याआधी कपलर उघडून पाहणे हा मी नियमच केला आहे. सेन्सर हा महाग भाग आहे आणि विजेचे भाग एकदा बसवले की दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी फ्यूज, मग कपलर आणि वायर (प्रश्न ६), मग हीटर (प्रश्न ७), मग सिग्नल (प्रश्न ८), आणि या सर्वांत दोष सेन्सरकडेच निघाला तरच नवा सेन्सर.

६. कोकणात कपलर आणि वायरी इतक्या लवकर का खराब होतात, आणि ते कसे तपासावे?

समुद्राकडून येणाऱ्या हवेत मीठ असते, पावसाळ्याचे चार महिने ओलावा हटत नाही आणि चिऱ्याची तांबडी माती चिखलासोबत गाडीच्या पोटाला चिकटून बसते. कपलरचे रबरी सील एकदा कडक झाले की ओलावा आत शिरतो आणि पिनांवर हिरवट थर धरतो. चाकरमान्यांच्या ज्या गाड्या वर्षातील बराच काळ घराशेजारच्या शेडमध्ये उभ्या असतात त्यांना आणखी एक धोका असतो. शेडमध्ये भाताचा पेंढा रचलेला असला तर उंदीर तेथेच बस्तान मांडतात आणि सेन्सरच्या वायरी कुरतडतात.

तपासताना इग्निशन बंद करावे आणि कपलर ओढून नव्हे, तर लॉक दाबून सोडवावा. पिना उजेडात पाहाव्यात. काळपट वा हिरवट डाग, आत सरकलेली पिन किंवा सैल पडलेली मादी पिन यांपैकी काहीही दिसल्यास बिघाड तेथेच असण्याची शक्यता मोठी आहे. वायरिंगकडील बाजू काँटॅक्ट क्लीनरने साफ करून पूर्ण वाळू द्यावी. सेन्सरकडील बाजू मात्र कोरड्या मऊ ब्रशनेच साफ करावी. त्या बाजूला ग्रीस, तेल किंवा गंज सोडवण्याचा स्प्रे मारण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, आणि ती घातक आहे. झिर्कोनियाच्या आतील बाजूला लागणारी ताजी हवा बऱ्याच सेन्सरांत वायरींच्या आतील बारीक पोकळीतून, म्हणजे कपलरच्या दिशेनेच आत जाते. तेथे तेलाची वाफ शिरली की तुलनेची हवाच बिघडते, व्होल्टेज खाली सरकतो आणि सेन्सर खोटेच ‘लीन’ सांगू लागतो. गंज लागू नये म्हणून भरलेले ग्रीस चांगल्या सेन्सरचे वाटोळे करते ते असे.

वेंगुर्ल्याची एक गाडी माझ्याकडे आली तेव्हा पी०१३५ साठी तिचे दोन सेन्सर आधीच बदलून झाले होते. हीटरच्या वायरीवर मल्टिमीटर १२.३ व्होल्ट दाखवत होता, त्यामुळे वायर चांगली आहे असेच कोणीही म्हटले असते. त्याच वायरीला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडून बल्बचे दुसरे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावले, तेव्हा बल्बची तार फक्त निखाऱ्यासारखी तांबूस झाली. कपलरपासून चार बोटे मागे वायरीचे आवरण सोलले, तर आतील तांबे काळे पडले होते आणि बोटाने चोळताच त्याची हिरवट भुकटी हातावर आली. दोन-तीन धागे शिल्लक होते. मीटरला नगण्य करंट लागतो, म्हणून एवढ्या धाग्यांवरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. हीटरला मात्र एक-दोन ॲम्पिअर लागतात आणि ते तेथून जाऊ शकत नाहीत. वीतभर वायर बदलल्यावर कोड गेला. बल्बची ही तपासणी केवळ हीटरच्या पुरवठ्याच्या वायरीवर करावी. सिग्नलच्या किंवा ईसीएमकडून येणाऱ्या अन्य वायरीला बल्ब कधीही लावू नये.

७. हीटर चांगला आहे हे मल्टिमीटरने कसे ओळखावे?

सेन्सर सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट बोलत नाही, म्हणून त्याच्या आत हीटर असतो. चार वायरींच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या ज्या दोन वायरी असतात त्या हीटरच्या समजाव्यात. बॉश आणि एनटीके यांच्या बऱ्याच सेन्सरांत त्या पांढऱ्या, तर डेन्सोच्या बऱ्याच सेन्सरांत काळ्या असतात. रंगावर पूर्ण विसंबू नये, गाडीचा वायरिंग डायग्रॅम पाहावा. इंजिन थंड असताना कपलर सोडवून सेन्सरच्या बाजूने या दोन वायरींमधील रेझिस्टन्स मोजावा. बहुतेक सेन्सरांत तो ३ ते १५ ओहमच्या दरम्यान येतो, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मीटरने सर्किट तुटल्याचे दाखवले तर हीटर जळला आहे आणि सेन्सर बदलणे हाच उपाय आहे. रेझिस्टन्स योग्य असूनही पी०१३५ येत असेल तर प्रश्न ६ मधील तपासणी करावी. सिग्नलच्या वायरींमध्ये ओहमची तपासणी करू नये, त्याने सेन्सरला अपाय होऊ शकतो.

८. सिग्नल कसा तपासावा?

डिजिटल मल्टिमीटर वापरावा, जुना काट्याचा मीटर किंवा टेस्ट लॅम्प चालणार नाही. कपलर जोडलेलाच ठेवून मागील बाजूने बारीक टाचणी सिग्नलच्या पिनेपर्यंत सरकवावी आणि वायरीच्या आवरणाला भोक पाडू नये, कारण त्याच भोकातून पुढे खारा ओलावा शिरतो. इंजिन पूर्ण तापवून २५०० आरपीएमच्या आसपास धरावे. पहिल्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली होत राहिला पाहिजे. १० सेकंदांत असे अनेक फेरे दिसतात. आकडा ०.४५ च्या आसपास खिळून राहिला तर सेन्सर थंड आहे, मृत आहे किंवा वायर तुटलेली आहे, कारण बऱ्याच गाड्यांत ईसीएम स्वतः तेवढा व्होल्टेज त्या वायरीवर ठेवतो.

आकडा खालीच किंवा वरच अडकला असेल तर सेन्सर दोषी आहे की मिश्रणच तसे आहे हे ठरवण्यासाठी मिश्रण मुद्दाम बदलून पाहावे लागते. एक्सलरेटर झटक्यात दाबल्यावर व्होल्टेज ०.८ च्या वर उडी मारतो आणि सोडल्यावर ०.१ च्या खाली कोसळतो का, हे पाहावे. दोन्हीकडे चटकन जाणारा सेन्सर जिवंत आहे, आणि त्याने आधी दाखवलेले लीन किंवा रिच बहुधा खरे होते.

९. मोबाईलला जोडायच्या छोट्या स्कॅनरवर हे निदान होऊ शकते का?

बऱ्याच प्रमाणात होते. ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ स्कॅनर डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो आणि सेन्सरचा व्होल्टेज तसेच फ्युएल ट्रिमचे (प्रश्न ११) आकडे जिवंत दाखवतो. त्याचा आलेख सेन्सरच्या खऱ्या वेगाइतका चपळ नसतो, म्हणून पी०१३३ सारख्या ‘मंद’ सेन्सरचे निदान केवळ त्यावर करू नये.

स्कॅनरवर सेन्सर तपासण्यासाठी आपल्याकडे एक उत्तम सोय आहे, ती म्हणजे घाट. करूळ किंवा आंबोलीचा घाट गिअरमध्ये आणि एक्सलरेटरवरून पाय काढून उतरताना ईसीएम इंजेक्टर बंद करतो आणि इंजिनातून निव्वळ हवा जाते. त्या क्षणी पहिल्या सेन्सरचा व्होल्टेज जवळजवळ शून्यावर आला पाहिजे. तसे न होता तो ०.४ किंवा त्याहून वर राहिला तर सेन्सर किंवा त्याचे सर्किट निश्चितच दोषी आहे, कारण शुद्ध हवेला ‘रिच’ म्हणण्याचे दुसरे कारण उरत नाही. हे आकडे शेजारी बसलेल्याने पाहावेत, चालकाने नव्हे. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर सॉकेटमधून काढून ठेवावा, अन्यथा बॅटरी उतरते.

१०. सेन्सर ‘लीन’ दाखवतो, पण प्लग काळे निघतात आणि पेट्रोलचा वास येतो. हे कसे?

ही विसंगती दिसली की सेन्सरच्या आधी सायलेन्सरची गळती शोधावी. मॅनिफोल्डला तडा गेलेला असेल किंवा पॅकिंग फुंकलेले असेल तर धुराच्या दोन ठोक्यांमधील पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि ईसीएम विनाकारण पेट्रोल वाढवतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताच ‘टक्-टक्’ असा आवाज येऊन गरम झाल्यावर तो कमी होत असेल, तर संशय पक्का धरावा. जोडाजवळचा काजळीचा पट्टाही गळतीची जागा दाखवतो.

दुसरे कारण मिसिंगचे आहे. एक सिलिंडर जळत नसेल तर त्यातील पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही तसेच बाहेर पडतात. सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, त्यामुळे तो प्रामाणिकपणे ‘लीन’च म्हणतो. म्हणून पी०३०० मालिकेतील मिसिंगचा कोड सोबत असेल तर आधी प्लग आणि कॉइल पाहावी.

११. फ्युएल ट्रिमवरून बिघाडाची जागा कशी ओळखावी?

ट्रिम म्हणजे ईसीएमने ठरीव प्रमाणात केलेली वाढ-घट. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म मिळून ती साधारण १० टक्क्यांच्या आत असावी. आयडलिंगला ट्रिम मोठी अधिक असून २५०० आरपीएमला ती कमी होत असेल, तर इनटेककडे (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गावर) हवेची चोरवाट आहे असे समजावे. उलट चढावर, वजन पडल्यावर ती वाढत असेल तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर तपासावा. येथे एक अपवाद लक्षात ठेवला पाहिजे. हवेचे माप एमएएफ सेन्सरने (आत जाणारी हवा थेट मोजणाऱ्या सेन्सरने) घेणाऱ्या गाड्यांत चोरवाटेचे लक्षण असे स्पष्ट दिसते, पण एमएपी सेन्सरवर (इनटेकमधील दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणाऱ्या गाड्यांत वाढलेली हवा ईसीएमला कळते, आणि ट्रिम फारशी न हलता नुसते आयडलिंग वाढते.

१२. दुसऱ्या सेन्सरचा व्होल्टेज हलतच नाही. तो बदलावा का?

नाही. कन्व्हर्टर निरोगी असताना दुसऱ्या सेन्सरने ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास स्थिर राहणे हेच योग्य आहे. तोही पहिल्यासारखा नाचू लागला तर कन्व्हर्टर थकल्याची ती खूण असते आणि पी०४२० येतो. त्या कोडसाठी सेन्सर बदलून पैसे घालवू नयेत. मात्र आधी प्रश्न १० मधील गळती तपासावी, कारण तिच्यामुळेही हा कोड येऊ शकतो.

१३. काढलेल्या सेन्सरच्या रंगावरून काही कळते का? तो धुऊन पुन्हा बसवता येतो का?

कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच आहे. काळपट तेलकट थर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरट थर सिलिकॉनचा किंवा कूलंटचा असू शकतो. पॅकिंगच्या ठिकाणी साधे सिलिकॉन भरले असेल, तर त्याची वाफ सेन्सरला कायमची मारते, म्हणून सेन्सरला चालणारेच सीलंट मागून घ्यावे. ज्या कारणाने थर बसला ते दूर न करता नवा सेन्सर बसवला तर त्याचीही तीच गत होते.

पेट्रोलमध्ये बुडवणे, तारेच्या ब्रशने घासणे किंवा गॅसच्या ज्योतीवर धरणे यांपैकी काहीही करू नये. रिच मिश्रणाची काजळी दोष दूर केल्यावर गाडी मोठ्या पल्ल्यावर चालवली की आपोआप जळून जाते. सिलिकॉनने मेलेला सेन्सर कशानेही जिवंत होत नाही.

१४. नवा सेन्सर बसवताना काय सांभाळावे? वायर जोडून बसवायचा स्वस्त सेन्सर चालेल का?

आपल्या गाडीच्या पार्ट नंबरचा, मूळ कपलर असलेला सेन्सर घ्यावा. वायर जोडावीच लागली तर सोल्डर न करता दाबून बसवायचे जोड वापरावेत, कारण प्रश्न ६ मध्ये सांगितलेली हवेची वाट सोल्डरने बंद होते. जुना सेन्सर इंजिन कोमट असताना, खाच असलेल्या २२ मिलिमीटरच्या सॉकेटने सोडवावा. किनाऱ्यावरील गाड्यांत आटे इतके गंजलेले असतात की आदल्या दिवशी गंज सोडवणारे द्रव आट्यांच्या मुळाशी घालून ठेवणे शहाणपणाचे ठरते. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा कारखान्यातूनच अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचे मलम) लावलेले असते. नसल्यास ते फक्त आट्यांना लावावे, टोकाच्या भोकांना लागू देऊ नये.

१५. गाडी कॉजवेवरच्या पाण्यातून गेली आणि त्यानंतर कोड आला. आता काय करावे?

तापलेल्या सिरॅमिकवर अचानक थंड पाणी पडले की त्याला तडा जाऊ शकतो, आणि हा तडा बाहेरून दिसत नाही. कन्व्हर्टरनंतरचा सेन्सर बऱ्याच गाड्यांत खाली असल्याने त्याला हा धोका अधिक आहे. आधी कपलर सोडवून पूर्ण वाळवावेत, कोड पुसावा आणि दोन दिवस गाडी चालवून पाहावी. कोड परत न आल्यास दोष ओलाव्याचा होता. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आला तशा पुरात गाडी बुडाली असेल तर केवळ वाळवणे पुरेसे नाही. कपलरमध्ये गाळ आणि वायरीत पाणी राहते आणि बिघाड काही महिन्यांनी डोके वर काढतो. त्यामुळे एक्झॉस्टजवळचे सर्व कपलर उघडून पाहावेत.

१६. सीएनजीवर चालताना किंवा इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे सेन्सर चुकीचे दाखवतो का?

नाही. सीएनजीला १ भागामागे सुमारे १७ भाग हवा लागते, इथेनॉलयुक्त पेट्रोलला शुद्ध पेट्रोलपेक्षा थोडी कमी लागते. सेन्सर मात्र प्रमाणाचा आकडा जाणत नाही, शिल्लक ऑक्सिजन तेवढा जाणतो, म्हणून प्रत्येक इंधनासाठी तो योग्यच काम करतो. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या गाडीची लाँग टर्म ट्रिम काही टक्क्यांनी अधिककडे सरकणे स्वाभाविक आहे. सीएनजीच्या गाडीत आधी पेट्रोलवर तपासणी करावी. दोष फक्त गॅसवर येत असेल तर रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसचे फिल्टर आणि किटचे ट्यूनिंग पाहावे, सेन्सरला हात लावू नये.

१७. माझ्या गाडीच्या पहिल्या सेन्सरला पाच-सहा वायरी आहेत आणि व्होल्टेज हलत नाही. तो खराब आहे का?

बहुधा नाही. पाच किंवा सहा वायरींचा सेन्सर ‘वाइडबँड’ जातीचा असतो आणि रिच की लीन एवढेच न सांगता तो नेमके प्रमाण मोजतो. त्याचा सिग्नल करंटच्या स्वरूपात असतो, म्हणून प्रश्न ८ मधील तपासणी त्याला लागू होत नाही आणि वायरीवर मल्टिमीटर लावूनही काही कळत नाही. काही गाड्यांत चार वायरींचा सेन्सरही याच जातीचा असतो, म्हणून मॅन्युअल पाहूनच हात घालावा. त्याचे निदान स्कॅनरवरील लॅम्डाच्या आकड्यावरून करावे (योग्य मिश्रणाला लॅम्डा १, हवा जास्त असल्यास १ च्या वर). सुरळीत चालताना तो १ च्या आसपास राहतो आणि घाट उतरताना प्रश्न ९ मधील स्थितीत १ च्या बराच वर जातो. त्याच गाडीतील दुसरा सेन्सर सहसा साधाच असतो, त्यामुळे त्याला प्रश्न १२ लागू होतो.

१८. सर्व तपासून नवा सेन्सर बसवला, तरी दिवा पुन्हा लागला. आता काय राहिले?

आधी कोड तोच आहे की नवा, हे पाहावे. पी०१३५ जाऊन पी०१७१ आला असेल तर आधी मुका असलेला सेन्सर आता बोलू लागला आहे आणि पूर्वीपासूनच असलेला लीनचा दोष दाखवतो आहे. अशा वेळी प्रश्न १० आणि ११ पाहावेत. तोच कोड आला असेल तर हीटरच्या पुरवठ्याची बल्बने तपासणी, अर्थिंगचे जोड आणि दोन सेन्सरांचे कपलर एकमेकांत चुकून अदलाबदल झाले नाहीत ना, हे पाहावे. बॅटरी काढून दिवा घालवणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने ईसीएमच्या स्वयंतपासण्याही पुसल्या जातात आणि त्या पुन्हा पूर्ण होण्यासाठी थंड इंजिनापासून सुरू केलेले, थोडे शहरातले आणि थोडे महामार्गावरचे असे काही प्रवास लागतात. तोवर कोड दिसला नाही म्हणून दोष गेला असे मानू नये.